पावसाळ्यात दार का अडते? ओटा आणि दारांची घरच्या घरी निगा



आषाढ लागला की तळोद्यात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, "दार बसत नाही!" मग रंधा मारून दाराची कड उतरवली जाते. दार तेवढ्यापुरतं लागतं, पण उन्हाळ्यात लाकूड सुकलं की त्याच जागी फट पडते. आपला भाग सातपुड्याच्या पायथ्याचा. दाराखालची फट म्हणजे विंचू-सापाला आत यायची वाट. म्हणून आधी कारण समजून घेऊ, मग हत्यार हातात घेऊ.

लाकूड का फुगते?

लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि फुगते. मात्र ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. लांबीत फारसा फरक पडत नाही. म्हणून दार उंचीला वाढत नाही, रुंदीला वाढते. सागवान इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी फुगते. उभ्या फळीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, तिथून पाणी सर्वात लवकर आत जाते. आणि गंमत बघा, रंग देताना नेमकी हीच टोकं सुटतात!

दार अडत असेल तर

१) आधी बिजागऱ्या तपासा. दार वरच्या कोपऱ्यात किंवा खाली फरशीला घासत असेल, तर बऱ्याचदा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेले असतात. दाराखाली पाचर लावून आधार द्या, स्क्रू काढा, भोकात फेविकॉल लावलेली बांबूची काडी ठोका, ती वाळली की स्क्रू पुन्हा आवळा.

२) चौकटीच्या कडेला खडू घासा आणि दार लावून उघडा. दारावर जिथे खडू उमटला, तिथेच ते घासते. तेवढ्याच जागी मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासा. पावसाळा असाच निघतो.

३) दिवाळीनंतर दार पूर्ण सुकलं की मगच, गरज असेल तर, पॉलिश पेपरने थोडं घासा. दार उतरवून वरच्या-खालच्या टोकांसह सगळीकडून प्रायमर आणि ऑईल पेंट द्या.

४) कुरकुरणाऱ्या बिजागरीला खोबरेल नको. ते थंडीत गोठते आणि धूळ धरते. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब पुरे.

५) चौकटीजवळ मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे. नुसत्या नळ्या पुसून ती जात नाही. ओल कुठून येते ते शोधा आणि वाळवीचं औषध जाणकाराकडून मारून घ्या.

ओट्याचं काय?

दार भिजते ते बहुतेक वेळा ओट्यावर साचणाऱ्या पाण्यामुळे. ओट्यावर तांब्याभर पाणी ओता आणि बघा, ते अंगणाकडे जाते की उंबऱ्याकडे? ओट्याला बाहेरच्या बाजूला दर मीटरला साधारण १ ते २ सेंटिमीटर उतार हवा.

भेगा बुजवायच्या असतील तर छिन्नीने भेग थोडी रुंद करा, धूळ काढा, जागा ओली करा आणि १ भाग सिमेंट, ३ भाग वाळू असा माल भरा. त्यावर ओलं गोणपाट टाकून ७ दिवस ओलावा ठेवा. सिमेंट वाळून नव्हे, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते. आपल्याकडच्या उन्हात पाणी मारलं नाही तर भेग पुन्हा पडणारच.

शेवाळ लगेच काढा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा पाय त्यावरच घसरतो. ब्लीचिंग पावडर टाकून ताठ ब्रशने घासा, नंतर भरपूर पाणी ओता. पण ब्लीचिंग पावडरमध्ये फरशीचं ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. हे काम मुलांना देऊ नका.

अंगण मातीचं असेल तर खड्डे मुरूम टाकून चोपून घ्या, म्हणजे पाणी घराकडे वळत नाही.

मुलांसाठी कृती

घरातल्या एका दाराची आणि चौकटीची फट पट्टीने मोजायला सांगा. ठरावीक एकाच जागी, दर महिन्याच्या १ तारखेला, जून ते मे. वर्षाअखेरीस स्तंभालेख काढून घ्या. मापन, ऋतू आणि लाकडाचा गुणधर्म, तिन्ही एकाच उपक्रमात येतात. आणि पुढच्या आषाढात रंधा मागवायच्या आधी मूलच सांगेल, "थांबा, आधी स्क्रू बघू!"