स्थिर सायकल

स्थिर सायकल हे एका जागी बसून पेडल मारण्याचे व्यायाम-उपकरण आहे. सर्वसाधारण व्यायाम, दुखापतीनंतरचे पुनर्वसन, हृदयाची क्षमता-चाचणी आणि सायकलपटूंचा बंदिस्त जागेतील सराव यांसाठी ते वापरले जाते.

इतिहास

फ्रान्सिस लाउंड्स यांनी १७९६ मध्ये लंडन येथे 'जिम्नॅस्टिकॉन' या यंत्राचे पेटंट घेतले. हातापायांनी चालवायचे हे यंत्र स्थिर सायकलीचे पूर्वरूप मानले जाते. १९५४ मध्ये स्वीडनमधील विल्हेल्म फॉन ड्योबेल्न यांनी श्रम अचूक मोजणाऱ्या साध्या सायकल-अर्गोमीटरची रचना प्रसिद्ध केली. १९८० च्या दशकात जॉनी गोल्डबर्ग यांनी अमेरिकेत घरच्या सरावासाठी तयार केलेल्या सायकलीतून 'स्पिनिंग' हा सामूहिक व्यायामप्रकार रूढ झाला. सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२० मध्ये पहिली ई-क्रीडा जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली.

प्रकार

* उभी सायकल : बैठक ताठ असते, सामान्य व्यायामास पुरेशी.
* पाठ टेकण्याची सायकल : पेडल शरीराच्या पुढे असतात. पाठीला आधार मिळतो व चढउतार सोपी होते, म्हणून वृद्धांना सोयीची.
* स्पिन सायकल : बैठक रस्त्यावरील शर्यतीच्या सायकलीसारखी; उभे राहूनही पेडल मारता येतात.

स्वतःची सायकल ज्यावर बसवता येते, असा ट्रेनर हा चौथा पर्याय होय.

निवडीचे निकष

''रोध'' : घर्षणाच्या पद्धतीत पॅड चाकावर दाबला जातो, तो झिजतो, आवाज करतो व बदलावा लागतो. चुंबकीय पद्धतीत चुंबक चाकाला स्पर्श न करता त्यात विद्युतप्रवाह निर्माण करून गतीला विरोध करतात. त्यामुळे झीज व आवाज दोन्ही कमी असतात. शेजारी लागून असलेल्या घरांत हा फरक महत्त्वाचा ठरतो. साखळीपेक्षा पट्टाही शांत असतो, मात्र साखळीला वेळोवेळी तेल द्यावे लागते.

''फ्लायव्हील'' : जड चाकामुळे पेडलची गती एकसारखी राहते, परंतु केवळ वजनावरून गुणवत्ता ठरत नाही. चाकात साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेगाने फिरणारे हलके चाकही तेच काम करू शकते.

''मापन'' : पद्धतशीर सरावासाठी वॅटमध्ये शक्ती दाखवणारी सायकल उपयुक्त असते. काही सायकली शक्ती प्रत्यक्ष मोजतात, तर काही वेग व रोध यांवरून अंदाज देतात. म्हणून दोन यंत्रांवरील आकड्यांची थेट तुलना करू नये.

''जुळवणी'' : सीट वर-खाली व पुढे-मागे, तसेच हँडल वर-खाली सरकणे आवश्यक आहे. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशांत वाकलेला असावा. सीट फार खाली असल्यास गुडघ्याच्या पुढील भागावर ताण येतो. फार वर असल्यास कंबर डुलते. घरातील अनेकजण वापरणार असतील, तर सर्वांत उंच व सर्वांत बुटक्या व्यक्तीने बसून पाहावे. कमाल भारक्षमताही तपासावी.

दक्षता

अनेक स्पिन सायकलींत चाक व पेडल थेट जोडलेले असतात. पाय थांबवले तरी पेडल फिरत राहतात. अशा सायकलीला तत्काळ थांबवणारा ब्रेक असणे अत्यावश्यक आहे. लहान मुलांची बोटे फिरत्या भागांत अडकू नयेत, यासाठी चाक व साखळी झाकलेली असावी. बंदिस्त जागेत वारा लागत नसल्याने घाम अधिक येतो. पंखा व पाणी जवळ ठेवावे. सवय नसताना पहिल्याच दिवशी अतितीव्र सराव केल्याने स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडांना इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. तीव्र स्नायूदुखीसह लघवी गडद तपकिरी झाल्यास विनाविलंब वैद्यकीय उपचार घ्यावेत.