डेकचा रंग पायांनी निवडा!

बोटीचा रंग निवडताना माणूस डोळ्यांचं ऐकतो. आम्हीही ऐकलं होतं. चौघा मित्रांनी मिळून २२ फुटांची फायबरग्लासची जुनी शिडाची बोट घेतली आणि पावसाळा सरताच मुंबई बंदरात उतरवायची म्हणून घाईघाईनं डेकला पांढराशुभ्र, काचेसारखा चकाकणारा रंग दिला. लांबून बोट नव्या नवरीसारखी दिसत होती. पहिल्याच रविवारी शिडात वारा भरला, बोट एका कुशीवर कलली, डेकवर लाटेचं पाणी आलं आणि शीड आवरायला पुढं निघालेला आमच्यातला एक जण सरळ कठड्याकडे घसरत गेला. डोलकाठीची तार हाताला लागली म्हणून तो समुद्रात पडला नाही. गुडघा मात्र महिनाभर दुखत होता.

बंदरात निदान हात द्यायला तिघं होते. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिथं पाय निसटला, तर बोट पुढं निघून जाते आणि माणूस मागं राहतो. डेकचा खरा विचार इथून सुरू होतो.

पूर्वी हा प्रश्न सागवानानं सोडवला होता. पॉलिश न केलेलं, उन्हापावसानं राखाडी झालेलं सागवान ओलं असतानाही पायाला धरून ठेवतं. मुंबईत सागवानातच बांधलेल्या 'सुहेली'वरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कुठंही न थांबता एकट्यानं जगप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिलेच. पण आज सागवानी डेक म्हणजे वजनही फार आणि खर्चही फार. शिवाय उन्हात ते चांगलंच तापतं.

मग उरतो रंग. साधा एका डब्यातला रंग स्वस्त आणि लावायला सोपा, पण लवकर झिजतो. दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग महाग, पण ऊन आणि खारं पाणी वर्षानुवर्षं सोसतो. मात्र तो फवाऱ्यानं मारायच्या भानगडीत हौशी माणसानं पडू नये. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं. एकानं रोलर फिरवावा, दुसऱ्यानं मागोमाग कोरड्या ब्रशनं हलका हात द्यावा. नवराबायकोनं मिळून करण्यासारखं काम आहे, फक्त त्या वेळी भांडू नये! छटा फिकट घ्यावी, पण पांढरीशुभ्र नको. गडद डेकवर अनवाणी पाय भाजतात आणि पांढऱ्यावर डोळे दिपतात. फिकट राखाडी किंवा साय रंग उत्तम.

घसरण थांबते ती मात्र रंगातल्या खरखरीमुळे. बारीक कण रंगातच ढवळून लावता येतात, पण ते डब्याच्या तळाशी बसतात आणि डेकवर कुठं दाट, कुठं विरळ पडतात. आम्हाला दुसरी रीत पटली. कडा चिकटपट्टीनं आखायच्या, रंगाचा ओला थर द्यायचा आणि त्यावर चाळणीतून कण इतके भुरभुरायचे, की खालचा रंग दिसेनासा व्हावा. रंग वाळला, की सैल कण झाडून टाकायचे आणि वरून रंगाचे दोन हात द्यायचे. कण धुतलेल्या रेतीचे किंवा प्लास्टिकच्या बारीक मण्यांचे घ्यावेत. चौपाटीवरची वाळू नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. रेतीची पकड जबर, पण ती गुडघे आणि विजारी दोन्ही सोलते. म्हणून पुढच्या भागात जाड कण आणि बसायच्या जागी अगदी बारीक. खुंट्या, झडपा आणि कडांभोवती दोन बोटं गुळगुळीत पट्टी सोडावी, म्हणजे पाणी वाहून जातं आणि कोपऱ्यात मळ साचत नाही.

या सगळ्याआधी एक काम आहे, जे आम्ही पहिल्यांदा टाळलं होतं. हातोडीच्या दांड्यानं डेक सगळीकडे ठोकून पाहायचा. टणक आवाजाऐवजी भद्द आवाज आला, तर खुंट्यांच्या बोल्टमधून पाणी आत मुरलं असण्याची शक्यता असते; तिथं आधी दुरुस्ती, मग रंग. त्यानंतर जुनं मेण सॉल्व्हंटनं पुसून काढायचं आणि मगच पॉलिशपेपर. उलट क्रमानं केलं, तर मेण खरवडीत घासलं जातं आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो.

मुंबईकरांची आणखी एक अडचण. जून ते सप्टेंबर बोटी किनाऱ्यावर असतात, हाताला वेळ असतो, पण दमट हवेत रंगाची चमक मरते आणि थर कच्चा राहतो. आमचा पहिला रंग सप्टेंबरातलाच. पुढच्या खेपेला आम्ही बोट मे महिन्यात लवकर वर काढली आणि दव सुकल्यावर सकाळी काम सुरू करून दुपारच्या आत संपवलं.

त्याआधी प्लायवूडच्या तीन तुकड्यांवर तीन प्रकारचे कण लावून पाहिले. तुकडे तिरपे ठेवले, वर साबणाचं पाणी ओतलं आणि ज्याचा गुडघा दुखावला होता, त्यालाच कठडा धरून अनवाणी उभं केलं. त्यानं मधला तुकडा निवडला. कण चाळायला आमच्या सौभाग्यवतींची पिठाची चाळणी नेली होती. ती अजून बोटीवरच आहे. घरी नवी आणावी लागली.