वस्तुसंचयातील नाम आणि रूप

विकिमीडिया कॉमन्स हा लोकसहभागातून वाढलेला चित्रसंग्रह २००४ मध्ये सुरू झाला. प्रारंभी त्यातील चित्रे मोजक्या सेवायंत्रांच्या फाइलव्यवस्थेत ठेवलेली असत. संग्रह वाढत गेला, तशी ही योजना अपुरी पडू लागली; एका यंत्राच्या बिघाडावर फार मोठा भाग अवलंबून राहू लागला. म्हणून २०१२ मध्ये हा संग्रह 'स्विफ्ट' या वस्तुसंचय-प्रणालीकडे नेण्यास आरंभ झाला. मूळ चित्रांच्या आधी त्यांची लघुचित्रे हलविण्यात आली. रॅकस्पेस कंपनीने विकसित केलेली ही प्रणाली २०१० मध्ये ओपनस्टॅक प्रकल्पाद्वारे सर्वांस खुली झाली होती.

फाइलव्यवस्था आणि वस्तुसंचय यांतील भेद मूलभूत स्वरूपाचा आहे. फाइलव्यवस्थेत कप्प्यात कप्पा अशी उतरंड असते. वस्तुसंचयात अशी उतरंड नसते; प्रत्येक वस्तूस एक नाम, तिचा आशय आणि तिच्याविषयीची माहिती एवढेच असते. नामात तिरप्या रेषा आल्या तरी त्या नामाचाच भाग होत. वस्तू ठेवणे, आणणे व काढून टाकणे या मुख्य क्रिया. नाम बदलणे म्हणजे नव्या नामाने प्रत करून जुनी वस्तू काढून टाकणे होय. प्रत्येक वस्तूच्या बहुधा तीन प्रती निरनिराळ्या ठिकाणी राहतात, आणि त्या कोठे राहाव्यात हे नामावरूनच गणिताने ठरते. विकिमीडियाच्या जुन्या व्यवस्थेतही या कल्पनेचे बीज होते. तेथे चित्राच्या नामावर 'एमडी-५' ही गणिती प्रक्रिया करून आलेल्या षोडशमान संख्येच्या पहिल्या दोन अंकांवरून त्याचा कप्पा ठरे. असे २५६ कप्पे होत.

सारांश, वस्तुसंचयात नाम हाच वस्तूचा एकमेव आधार आहे. मात्र नाम म्हणजे दिसणारे अक्षररूप नव्हे, तर बाइटांचा क्रम होय. मराठीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. 'दऱ्या' हा शब्द घेतल्यास युनिकोडमध्ये त्याचे लेखन तीन प्रकारे संभवते. 'ऱ' हे एकच चिन्ह योजल्यास यूटीएफ-८ पद्धतीत शब्दाचे १५ बाइट होतात. 'र' व नुक्ता अशी दोन चिन्हे योजल्यास १८ होतात. 'र', हलन्त आणि अदृश्य संयोजक चिन्ह योजल्यासही १८ च होतात, परंतु क्रम निराळा असतो. वाचकास तिन्ही रूपे एकच दिसतात. वस्तुसंचयास ती तीन भिन्न नामे आहेत. लेखात एक रूप आणि संचयात दुसरे असेल, तर चित्र सुरक्षित असूनही वाचकास सापडत नाही.

यावर युनिकोडचे प्रमाणीकरण हा उपाय आहे. मीडियाविकी ही प्रणाली नामांचे असे प्रमाणीकरण करते, आणि त्याने पहिली दोन रूपे एक होतात. तिसरे रूप मात्र तसेच राहते. ते एकरूप करावे म्हणून अदृश्य चिन्हे सरसकट गाळल्यास 'दऱ्या'चे 'दर्या' होते. डोंगरांमधील दऱ्या आणि समुद्र यांना एकच नाम प्राप्त होते. अशा वेळी मागाहून ठेवलेले चित्र आधीच्या चित्राची जागा घेते, आणि जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय नसल्यास पहिले कायमचे नष्ट होते. दोन्ही चिन्हक्रम 'ऱ' या एका चिन्हाकडे नेणे, हाच येथे योग्य मार्ग होय.

म्हणून स्थलांतरापूर्वी नामांची यादी करून एकाच दृश्यरूपाची भिन्न नामे शोधावीत. एकरूपतेचा नियम ठरवून तो संचयास व लेखांतील निर्देशांस एकाच वेळी लावावा. वस्तू हलविल्यावर केवळ त्यांची संख्या न मोजता प्रत्येकीचा आशय मूळ प्रतीशी ताडून पाहावा. बाहेरून दिसणारा पत्ता शक्य तो बदलू नये, कारण जुन्या लेखांतील निर्देश त्यावरच अवलंबून असतात. र-काराच्या दोन जोडरूपांतील भेद मराठीत अर्थभेदक आहे. यंत्रास तो आपोआप कळत नाही. स्थलांतराचा नियम लिहिणाऱ्याने तो जाणला पाहिजे.