चूळ भरली आणि थुंकी गुलाबी!

दात घासता घासता थुंकीत लाल रेघ दिसली, असं कधी झालंय का? मग पुढच्या दिवशी काय केलंत? खरं सांगा हं! पुष्कळ जण रक्त येणाऱ्या त्या जागी ब्रश फिरवायचंच सोडून देतात. आणि तिथेच चुकतं.

त्या जागी दात आणि हिरडी जिथे भेटतात, तिथे जंतूंचा चिकट थर बसलेला असतो. त्यांच्याशी लढायला शरीर तिकडे जास्त रक्त पाठवतं. हिरडी लाल होते, फुगते आणि नुसता ब्रश लागला तरी रक्त येतं. थर तसाच ठेवला, तर रक्त थांबणार कसं?

हे जंतू पहिल्यांदा पाहिले आंतोनी व्हॅन लेव्हेनहूकने. आपल्या शिवनेरीवर १६३० साली शिवराय जन्मले, त्यानंतर दोनच वर्षांनी हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात हा जन्मला. धंदा कापडाचा, पण नाद भिंगं घासण्याचा! १६८३ साली, म्हणजे इकडे संभाजीराजे राज्य करत होते तेव्हा, त्याने स्वतःच्या दातांतला पांढरा मळ भिंगाखाली धरला. बघतो तर काय, त्यात इवलेइवले जीव वळवळताहेत! आणि हा माणूस रोज मिठाने दात घासायचा बरं का.

पुढे १९६५ साली डेन्मार्कमध्ये १२ निरोगी माणसांनी प्रयोगासाठी दात घासणं बंद केलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. मला हा प्रयोग फार आवडतो. सुरुवातीचं दुखणं आपल्याच हातांनी बरं होतं, हे त्यात लख्ख दिसतं.

थर बरेच दिवस राहिला की मात्र थुंकीतल्या क्षारांमुळे त्याचा दगड होतो. हे कीटण. ते ब्रशने निघत नाही, दाताच्या डॉक्टरांनाच काढावं लागतं. तेही राहिलं तर हिरडीखालचं हाड झिजू लागतं, दात हलतात. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

मग दंतमंजनाने हे कीटण निघेल का? भीमाशंकरच्या बाजूला, जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरात महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करतात. तो चावलात तर तोंड कसं आवळून येतं! त्यातल्या टॅनिनमुळे तसं होतं. म्हणूनच तो दंतमंजनात घालतात. पण कीटण काढणं त्याच्याही आवाक्याबाहेरचं.

मिश्रीची गोष्ट निराळी. ती भाजलेली तंबाखूच. ती घासून हिरड्या खाली सरकतात, दातांची मुळं उघडी पडतात, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. घरात आजी मिश्री लावत असेल, तर तिच्याजवळ बसून हे तिला प्रेमाने सांगा. आजोबांना साखरेचा आजार असेल, तर त्यांच्या हिरड्या जास्त जपायला हव्यात, हेही सांगा.

तुम्ही स्वतः सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटं मऊ ब्रशने घासा, हिरडीच्या काठावर हलक्या हाताने. दोन आठवड्यांतही रक्त थांबलं नाही, तर आईबाबांना घेऊन दाताच्या डॉक्टरांकडे जा. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे, घोडेगाव आणि नारायणगावला ग्रामीण रुग्णालयं आहेत. दाताचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, ते आधी विचारून घ्या.