राज्य सहाय्यातील कपात आणि लहान शहराचे अर्थकारण : सेंट्रल फॉल्सचा अनुभव

प्रस्तावना :
शहराचा अर्थसंकल्प स्थानिक सभागृहात संमत होत असला, तरी त्यातील जमेची बाजू बऱ्याच अंशी राज्याच्या तिजोरीवर अवलंबून असते. राज्याने सहाय्यात कपात केली म्हणून पोलीस, अग्निशमन, रस्ते या जबाबदाऱ्या कमी होत नाहीत. हा भार अखेरीस कोणावर पडतो, हे अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील सेंट्रल फॉल्स या शहराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी :
सुमारे ३.३ चौ. कि.मी. क्षेत्रफळाच्या या शहराची लोकसंख्या २०१० च्या जनगणनेनुसार १९,३७६ होती. कापडगिरण्यांवर वाढलेल्या या शहरात गिरण्या बंद पडल्यानंतर अल्प उत्पन्नाच्या स्थलांतरित कुटुंबांची दाट वस्ती उरली. करपात्र मालमत्ता मर्यादित राहिली. पोलीस व अग्निशमन कर्मचाऱ्यांना करारांद्वारे निवृत्तिवेतन मान्य झाले होते. परंतु त्यासाठी पुरेसा निधी बाजूला ठेवला गेला नाही. निवृत्तांच्या लाभांपोटी तरतूद नसलेले दायित्व सुमारे ८ कोटी डॉलरपर्यंत पोहोचले. ही उणीव दीर्घकाळ झाकलेली होती. २००८ नंतरच्या मंदीत राज्याने शहरांना दिले जाणारे महसूल सहाय्य आटवले, तेव्हा ती उघडी पडली.

उपाययोजना व परिणाम :
२०१० मध्ये राज्याने शहरावर प्रशासक नेमला व महापौर आणि सभागृहाचे अधिकार संकुचित झाले. जुलै २०११ मध्ये ग्रंथालय व समाजकेंद्र बंद करण्यात आले; पुढे स्वयंसेवकांच्या बळावर ग्रंथालय पुन्हा उघडले. निवृत्तांनी स्वेच्छेने कपात स्वीकारावी, हा प्रस्ताव मान्य न झाल्याने १ ऑगस्ट २०११ रोजी शहराने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. तत्पूर्वीच राज्याने कायदा करून रोखेधारकांच्या देण्याला अग्रक्रम दिला होता. यामागील भूमिका अशी की, एका शहराने रोख्यांची देणी बुडवल्यास राज्यातील इतर शहरांनाही कर्ज महाग पडेल.

२०१२ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यानुसार रोखेधारकांना पूर्ण रक्कम मिळाली. काही निवृत्तांचे वेतन मात्र ५५ टक्क्यांपर्यंत घटले. राज्याने पाच वर्षांसाठी पूरक निधी देऊन ही घट २५ टक्क्यांपर्यंत सीमित केली. नागरिकांवर पाच वर्षे दरवर्षी ४ टक्के मालमत्ता करवाढ आली. ज्यांचे सेवेचे वय सरले होते, त्यांना नवे उत्पन्न शोधण्याचा मार्ग उरला नव्हता. तरीही सर्वांत मोठा त्याग त्यांच्याच वाट्याला आला.

भारतीय संदर्भ :
भारतात ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले. तथापि कर आकारण्याचे अधिकार किती द्यावयाचे, हे राज्य विधिमंडळावर सोपविले आहे. महाराष्ट्रात १९९९ मध्ये नगर परिषदांची जकात रद्द झाली आणि तिची जागा राज्याच्या सहायक अनुदानाने घेतली. स्वतःच्या उत्पन्नाऐवजी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेचे स्वातंत्र्य त्या प्रमाणात संकोचते.

निष्कर्ष :
केवळ राज्याच्या कपातीमुळे शहर कोसळले असे म्हणता येत नाही. तरतुदीविना दिलेली आश्वासने हेही तितकेच महत्त्वाचे कारण होय. मात्र संकटकाळी कोणाचे देणे आधी फेडावयाचे, हे कायद्याने ठरते आणि तो कायदा शहराच्या हाती नसतो. म्हणूनच दायित्वाची वार्षिक तरतूद व ती नागरिकांसमोर उघडपणे मांडणे, हेच लहान शहराचे खरे संरक्षण ठरते.