उलट्या स्विंगचे गुपित

नव्या चेंडूची शिवण जिकडे रोखलेली असते, तिकडे तो वळतो. कारण शिवणीच्या बाजूची हवा खळबळून चेंडूला अधिक वेळ चिकटून राहते. पण जुना, त्या बाजूने खडबडीत झालेला चेंडू वेगाने टाकला, तर उलट घडते! तेथील हवेचा थर आधीच खळबळलेला असतो. शिवण त्याला जाड करते व तो लवकर सुटतो.

पाकिस्तानच्या सर्फराज नवाझने ही विद्या इम्रान खानला दिली. इम्रानने वसीम अक्रम व वकार युनूसला. इतरांना मात्र ती अनोळखीच होती. १९९२ साली इंग्लंडमध्ये त्यांच्यावर चेंडू खराब केल्याचे आरोप झाले. पुढे शास्त्रीय कारण सर्वांना कळले. २००५ ची अ‍ॅशेस मालिका जिंकताना इंग्लंडनेही हेच अस्त्र वापरले. प्रतिस्पर्ध्याला विद्या मिळाली आणि ती मुळात फसवणूक नव्हे, कौशल्य आहे, हेही त्यालाच पटले!