टेपच्या आत दडलेला आर्किमिडीज

दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एक इंग्लंडचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय दोघांचाही सारखाच : २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही जोडी छापून आली आणि दिसायला सडपातळ, पण आतून चरबीदार असलेला भारतीय देह जगासमोर आला.

वजनकाट्याला हा फरक कळत नाही. त्याच्या लेखी किलो म्हणजे किलो, मग तो दंडाचा असो की पोटाचा. मग घरबसल्या आपल्या आतली चरबी ओळखायची कशी? सोलापूरकराला त्यासाठी फार लांब जायला नको. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या या गावात मापाची टेप गल्लोगल्ली सापडते. तेवढी टेप, उंची मोजायला एक भिंत आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

या टेपमागे मोठी करामत आहे. आमटीवर तेलाचा तवंग तरंगतो तो तेल पाण्याहून हलकं म्हणून. आपली चरबीही तशीच हलकी : पाण्याच्या मानानं तिची घनता साधारण ०.९, तर स्नायू, हाडं, पाणी या बाकीच्या ऐवजाची मिळून सुमारे १.१. म्हणजे अख्ख्या शरीराची घनता कळली की त्यात चरबीचा वाटा किती, हे गणितानं काढता येतं. घनता काढायची तर माणसाला पाण्याखाली तोलायचं. ही आर्किमिडीजचीच युक्ती. अमेरिकी नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी १९४२ साली व्यावसायिक फुटबॉलपटूंना असं तोललं. वजनाच्या तक्त्यानुसार जाडजूड ठरलेले कितीतरी खेळाडू प्रत्यक्षात स्नायूंनी भरलेले निघाले!

पण घरी कोण कोणाला पाण्याखाली तोलणार? म्हणून १९८४ साली हॉजडन आणि बेकेट या संशोधकांनी नौदलासाठी सोपी वाट काढली. पाण्याखाली तोललेल्या माणसांची टेपनं मापं घेतली आणि कोणती मापं घनतेशी जुळतात ते शोधलं. पुरुषांसाठी उत्तर आलं : बेंबीच्या रेषेतला पोटाचा घेर, त्यातून गळ्याचा घेर वजा, आणि जोडीला उंची. पोट चरबीनं फुगतं. गळा बराचसा हाडापेराचा अंदाज देतो. बायकांच्या मापात नितंबांचा घेरही धरतात. हे सूत्र भरलेले कॅल्क्युलेटर मोबाइलवर फुकट मिळतात. त्यात शेवटी ४९५ आणि ४५० हे आकडे येतात, ते थेट ०.९ आणि १.१ या दोन घनतांमधूनच. टेपच्या आत आर्किमिडीज दडलाय तो असा.

याहून सोपं सूत्र २०१८ साली आलं, तोंडी करण्याजोगं. उंचीला २० नं गुणा, कमरेच्या घेरानं भागा. येणारा आकडा पुरुषांनी ६४ मधून, बायकांनी ७६ मधून वजा करायचा. बायकांचा आकडा मोठा, कारण त्यांच्या शरीरात निसर्गतःच चरबी जास्त असते.

आता करून पाहू. उंची १६५ सेंटिमीटर, पोट ९० आणि गळा ३७ असलेला पुरुष घ्या. नौदलाचं सूत्र सांगतं २३ टक्के. सोपं सूत्र सांगतं २७. माणूस एक, टेप एक, उत्तरं दोन! एक कारण असं : पहिलं सूत्र नौदलातल्या माणसांवर बेतलेलं, दुसरं सर्वसामान्य अमेरिकी प्रौढांवर. आपल्या मातीतल्या माणसांवर दोन्हींपैकी एकही बेतलेलं नव्हतं. त्यामुळे एकाच आकड्यावर अडून बसू नये. सूत्र एकच धरावं आणि दर महिन्याला आकडा कोणत्या बाजूला सरकतो ते पाहावं.

माप घेताना शिंप्याची सवय मात्र बाजूला ठेवायची. पँटची कंबर जिथे बसते तिथे, बऱ्याचदा सुटलेल्या पोटाच्या खाली, तो टेप लावतो आणि थोडी ढील सोडतो. इथे तसं चालत नाही. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपा; दोन्हींच्या मधोमध उघड्या अंगावर टेप आडवी, जमिनीला समांतर फिरवा. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका, टेप रुतू देऊ नका. नौदलाच्या सूत्रासाठी पुरुषांनी ती बेंबीवर आणावी, बायकांनी कमरेच्या सगळ्यांत बारीक जागी; सोप्या सूत्रासाठी कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर. सकाळी उपाशीपोटी घेतलेलं माप सगळ्यांत भरवशाचं. गरोदरपणी ही गणितं लागू नाहीत.

चरबीचा टक्का दाखवणारे काटेही आता घरोघरी आलेत. ते तळपायातून न जाणवणारी सूक्ष्म वीज सोडतात. स्नायूंमध्ये खारं पाणी भरपूर, त्यांतून वीज सहज जाते. चरबी तिला अडवते. पण सगळी भिस्त पाण्यावर असल्यानं सोलापूरच्या मे महिन्यात घाम गाळून आलेल्या माणसाला असा काटा उगाच जास्त चरबी दाखवू शकतो. पेसमेकर बसवलेल्यांनी त्यावर उभं राहू नये.

पण सडपातळ भारतीय अंगात ही चरबी येते तरी कुठून? याज्ञिकांच्या चमूनं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी पार किरकोळ. पण खांद्याच्या फऱ्याखाली कातडीचा चिमटा घेऊन जाडी मोजली, तर तिथली चरबी त्या मानानं टिकून होती. म्हणजे सडपातळ अंगात चरबी राखण्याची ही ठेवण जन्माआधीच घडत होती! पोटात साठणाऱ्या चरबीचा मधुमेहाशी जवळचा संबंध आहे, म्हणून हे कळणं मोलाचं.

म्हणूनच भारतीयांसाठी कमरेची मर्यादा कडक आहे : पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. आकडेमोड नको असेल, तर कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत ठेवावी. १६५ उंचीला साडेब्याऐंशी. हातपाय काटकुळे आणि टेप या रेषेपलीकडे गेली, तर ‘माझं वजन तर बरोबर आहे’ म्हणून गाफील राहू नका. डॉक्टरांना भेटा, साखर तपासून घ्या. याज्ञिकांचा बीएमआयसुद्धा बरोबरच होता.